ओकोन्क्वोला कुणी हरवलं? इग्बो कादंबऱ्यांमधले शोकनायक

मृद्गंध | शनिवार, रात्री १०:१५

परवा 'थिंग्ज फॉल अपार्ट' तिसऱ्यांदा वाचून संपवली. पहिल्यांदा वाचली ती एम.ए.ला असताना. तेव्हा एक उत्तर पाठ करून ठेवलं होतं: ओकोन्क्वो हा शोकनायक, संताप हा त्याच्या स्वभावातला दोष, पुढे इंग्रज आले आणि जुनी संस्कृती कोसळली. या वेळी वाचताना ते उत्तर मला पानोपानी अपुरं वाटत गेलं. ते मनातून जाईना, म्हणून हा धागा.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी कथा सांगते. नायजेरियाचे इग्बो लेखक चिनुआ अचेबे यांची ही पहिली कादंबरी, १९५८ साली लंडनमध्ये प्रकाशित झाली. नायजर नदीच्या पूर्वेकडचा इग्बो मुलूख, तिथलं उमुओफिया हे नऊ गावांचं मिळून झालेलं एक मोठं गाव. ओकोन्क्वोनं अठराव्या वर्षी सात वर्षं अजिंक्य राहिलेल्या मल्लाला चीत केलं आणि तिथून त्याचं नाव झालं. बाप उनोका बासरी वाजवायचा, हसतमुख होता, पण कर्जबाजारी. मेला तेव्हा त्याच्या नावावर एकही मानाची पदवी नव्हती. ओकोन्क्वोनं लहानपणीच ठरवून टाकलं की बापाला जे जे आवडत होतं त्या सगळ्याचा द्वेष करायचा. त्यात आळस आला आणि हळुवारपणाही आला.

मला जिथे थांबावं लागलं ती जागा इकेमेफुनाची. शेजारच्या गावानं खुनाची भरपाई म्हणून दिलेला हा पोरगा तीन वर्षं ओकोन्क्वोच्या घरात वाढतो, त्याला बाप म्हणतो. ओकोन्क्वोचा थोरला मुलगा न्वोये त्याच्या मागेमागे फिरत मोठा होतो. मग देवाचा कौल येतो की याला मारायचं. गावातला सगळ्यात वडीलधारा माणूस, एझेउडू, मुद्दाम घरी येऊन सांगतो: हा पोरगा तुला बाप म्हणतो, त्याच्या मरणात तू हात घालू नकोस. तरी ओकोन्क्वो त्या रानात जातो. पहिला घाव बसल्यावर पोरगा त्याच्याच दिशेनं धावत येतो, आणि ओकोन्क्वो त्याच्यावर कोयता चालवतो. का? आपल्याला कुणी लेचापेचा म्हणेल, ही भीती. गावानं त्याला हे करायला सांगितलं नव्हतं. देवानंही नव्हतं.

आता हे बघा. कादंबरीची २५ प्रकरणं आहेत आणि पहिल्या १३ प्रकरणांत गोरा माणूस गावात पाऊल ठेवत नाही. इकेमेफुना त्याच्या आधीच गेलेला असतो. पुढे मिशनरी आल्यावर पहिल्यांदा त्यांच्याकडे कोण जातं? चार वेळा जुळी झाली म्हणून चारही वेळा जिची पोरं रानात टाकली गेली अशी एक गरोदर बाई. देवाला वाहिलेले म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वाळीत असलेले ओसू. आणि न्वोये. रानात टाकलेल्या जुळ्यांचं रडणं त्यानं एकदा ऐकलेलं असतं, आणि इकेमेफुना गेला त्या रात्री त्याच्या आत काहीतरी तुटलेलं असतं. मिशनऱ्यांचं तत्त्वज्ञान त्याच्या डोक्यात शिरत नाही. अंधारात बसलेल्या भावांबद्दलचं त्यांचं गाणं तेवढं शिरतं.

म्हणून माझं म्हणणं असं की ओकोन्क्वोला इंग्रजांनी हरवलं नाही. तो त्याच्या आधीच, त्या रानात हरला. तुम्हाला काय वाटतं?

---

कातळकडा | शनिवार, रात्री ११:४०

मृद्गंध, लिहिलंय छान, पण शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत नाही. या वाचनात साम्राज्य फार सहज सुटतं.

अबामे गाव आठवा. लोखंडी घोड्यावरून, म्हणजे सायकलवरून, आलेल्या एका गोऱ्याला गावकरी मारतात. काही आठवड्यांनी भर बाजाराच्या दिवशी बाजाराला वेढा पडतो आणि माणसं गोळ्या घालून मारली जातात. हे अचेबेंनी हवेतून आणलेलं नाही. १९०५ साली अहियारा भागात स्ट्युअर्ट नावाचा एक इंग्रज डॉक्टर सायकलवरून वाट चुकला, मारला गेला, आणि त्याचा सूड म्हणून लष्करी मोहीम निघून त्या टापूतली गावं उद्ध्वस्त झाली. त्याच्या आधी १९०१-०२ मध्ये आरोचुक्वूचं प्रसिद्ध देवस्थान मोहीम काढून उडवून दिलं होतं.

शेवटी गावातल्या सहा प्रमुखांना काय सांगून बोलावतात? बोलणी करू. बोलणी सुरू व्हायच्या आत हातात बेड्या पडतात. कोठडीत त्यांची डोकी भादरली जातात. दंड असतो कवड्यांच्या २०० पोत्यांचा. कोर्टाचे शिपाई गावाला २५० सांगतात, वरची ५० स्वतःसाठी. राखाडी चड्डीवरून गावानं या शिपायांना राखेच्या ढुंगणाचे असं नाव ठेवलेलं असतं. ही सगळी यंत्रणाच नवी आहे. यातलं काहीही उनोकाच्या बासरीतून आलेलं नाही.

गावात फट होती, मान्य. फट प्रत्येक गावात असते. म्हणून प्रत्येक गावाच्या बाजारात बंदुका येत नाहीत. आणि फटी असलेलं गाव आपल्या चालीनं बदलतही असतं. ओबिएरिका त्याच गावातला ना? इकेमेफुनाला मारायला तो गेला नाही. आपल्या जुळ्या पोरांचा काय गुन्हा होता, हा प्रश्न तो स्वतःला विचारतो. उमुओफियाला शंभर वर्षं मिळाली असती तर असे ओबिएरिका वाढले असते. ती वर्षं हिरावून घेतली गेली, माझ्या लेखी खरी शोकांतिका ती आहे.

---

गणितमास्तर | रविवार, सकाळी ७:०५

मृद्गंध आणि कातळकडा, दोघांचं वाचलं. माझं वय आता सत्तरीच्या पुढे आहे, टंकायला वेळ लागतो, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

१९७८ ते १९८३ मी नायजेरियात आनंब्रा राज्यात एका माध्यमिक शाळेत गणित शिकवत होतो. तेलाचा पैसा आला होता, शाळा भराभर निघत होत्या, शिक्षक कमी पडत होते. आपल्याकडून बरेच जण गेले. बियाफ्राचं युद्ध, म्हणजे पूर्वेकडच्या इग्बो मुलखानं वेगळं होण्यासाठी केलेलं यादवी युद्ध, संपून तेव्हा आठच वर्षं झाली होती. स्टाफरूममधल्या प्रत्येकाकडे भुकेची एक तरी आठवण होती. ती ते कधी आपण होऊन सांगत नसत.

कादंबरीत जे आहे ते मी हाताला लागेल इतक्या जवळून पाहिलं, म्हणून दोन-तीन गोष्टी सांगतो.

पहिली यामची. याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद, पण मांडीएवढा. ते पुरुषाचं पीक. अळकुड्या, शेंगा, कसावा ही बायकांची पिकं. ओकोन्क्वो न्वाकिबिएकडे अर्धेलीवर बेणं मागायला जातो तो प्रसंग आठवा. अर्धेली म्हणतोय खरा, पण त्याच्या वाट्याला पिकाचा तिसराच हिस्सा यायचा. त्याला आशा असते ४०० कंदांची, आणि न्वाकिबिए म्हणतो, दोनदा चारशे देतो. आठशे का म्हणत नाही? कारण इग्बो मोजणी विसाच्या पटीत चालते आणि वीस वेळा वीस झाले की 'न्नू' होतो, म्हणजे ४००. आपल्याकडे शंभर जसा भरलेला आकडा, तसा त्यांचा चारशे. वर्गात दशमान शिकवताना माझ्या हे लक्षात आलं आणि मग कादंबरीतलं ते वाक्य मला नव्यानं ऐकू आलं.

दुसरी 'ची'ची. मराठीत याला दैव किंवा नशीब म्हणून पुढे जायचा मोह होतो. तसं करू नये. प्रत्येक माणसाचा आपापला ची असतो, जन्माबरोबर आलेला, खास त्याचा. म्हण आहे: ओन्ये क्वे, ची या एक्वे. माणूस हो म्हणाला की त्याचा ची पण हो म्हणतो. माझा एक ज्येष्ठ सहकारी ही म्हण नापास झालेल्या पोरांना ऐकवायचा. पण कादंबरीत, सात वर्षांच्या हद्दपारीत, ओकोन्क्वोला कळतं की आपण हो म्हणत राहिलो आणि आपला ची नाही म्हणाला. ग्रीक शोकांतिकेचा साचा लावून 'दोष' शोधत बसलं की हे हातातून निसटतं. तिथे माणूस एकटा कधीच नसतो. आत ची असतो, पायाखाली अनी म्हणजे भूदेवी असते, भोवती भावकी असते. ओकोन्क्वो या तिघांशीही एकेक करून भांडून बसतो. शांततेच्या आठवड्यात बायकोला मारतो, तो अपराध बायकोपेक्षाही भूमीचा. इकेमेफुनाच्या वेळी ओबिएरिका त्याला हेच बजावतो, की तू केलंस ते अनीला आवडणार नाही.

तिसरी गोष्ट ओसूंची, आणि ती लिहिताना मला जड जातंय. देवाला वाहिलेला माणूस म्हटलं की आपल्याला लगेच मुरळी, जोगतीण आठवते. थोडं साम्य आहे. पण ओसूपण बापाकडून मुलाकडे जातं. त्यानं केस कापायचे नाहीत, स्वतंत्र माणसाशी लग्न करायचं नाही, मेल्यावर रानातच पुरायचं. १९५६ साली पूर्व नायजेरियाच्या विधिमंडळानं कायदा करून ही प्रथा बंद केली. मी गेलो त्याला बावीस वर्षं झाली होती. आमच्या शाळेतल्या एका कारकुनाचं लग्न ठरलं होतं. मुलगी शिकलेली, चर्चमध्ये गाणारी, दोन्ही घरं ख्रिस्ती. एक दिवस ते मोडलं. का मोडलं ते मला कुणी सांगेना. शेवटी त्या ज्येष्ठ सहकाऱ्यानं दार लोटून घेतलं आणि तो शब्द अगदी खालच्या आवाजात उच्चारला. तो कारकून पुढे सहा महिने हजेरीपटावर मान खाली घालून सही करायचा.

त्यामुळे कातळकडा, शंभर वर्षं मिळाली असती तर काय झालं असतं हे मला सांगता येत नाही. पण तुमचा राग मला कळतो. तिथे इग्बो लोक अभिमानानं म्हणतात, इग्बो एन्वे एझे, इग्बोंना राजा नसतो. पंचायतीत बसून, वाद घालून, कोला फोडून ते निर्णय घेत. कोला ही एक कडसर बी, आपलं पानसुपारीचं तबक समजा, पण त्यावर आधी प्रार्थना होते, आणि ती इग्बोतच. कोलाला इंग्रजी कळत नाही, असं ते म्हणतात. अशा लोकांवर इंग्रजांनी कागदी सनदा देऊन 'वॉरंट चीफ' नेमले. नसलेले राजे बनवले. त्या जखमेवर अचेबेंनी वेगळी कादंबरी लिहिली आहे, आणि माझ्या मते ती जास्त मोठी आहे. कुणीतरी एझेउलूबद्दल लिहा. माझे डोळे थकले.

---

आडवाट | रविवार, दुपारी १:३०

काका, तुमचा प्रतिसाद वाचून लिहायला बसलो. एझेउलू हा माझा अतिशय जवळचा विषय आहे, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

काका म्हणतात ती अचेबेंची कादंबरी म्हणजे 'ॲरो ऑफ गॉड', १९६४ ची. काळ १९२० च्या दशकातला, म्हणजे इंग्रज येऊन बसलेले आहेत, रस्ते बांधले जातायत. उमुआरो ही सहा गावं. एकेकाळी अबामचे लढवय्ये रात्री येऊन माणसं पळवायचे, तेव्हा सहाही गावांनी एकत्र येऊन एक नवा देव घडवला, उलू. म्हणजे हा देव माणसांनी संरक्षणासाठी बनवलेला आहे आणि हे सगळ्यांना माहीत आहे. ज्या देवाचा उपयोग संपला त्याचं काय करायचं हेही त्यांना माहीत आहे. एझेउलू त्याचा मुख्य पुजारी.

ओकोन्क्वो आणि एझेउलू यांच्यातला फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ओकोन्क्वो विचार करत नाही, तो झडप घालतो. एझेउलू सतत विचार करतो. ओकपेरी गावाशी जमिनीचा तंटा होतो तेव्हा तो आपल्याच गावाला सांगतो की जमीन आपली नाही. गाव ऐकत नाही, लढाई होते. विंटरबॉटम नावाचा इंग्रज अधिकारी येऊन दोन्हीकडच्या बंदुका मोडतो, आणि साक्षीत एझेउलू आपल्या गावाविरुद्ध खरं बोलतो. विंटरबॉटमला वाटतं, हा एकटा सच्चा माणूस, याला चीफ करू. गावाला वाटतं, हा गोऱ्याचा मित्र. खरं बोलल्याची ही किंमत. पुढे तो स्वतःच्या मुलाला, ओडुचेला, मिशनच्या शाळेत पाठवतो, कारण जग बदलतंय आणि तिथे माझा एक डोळा असायला हवा. तोच मुलगा पवित्र अजगराला पेटीत कोंडतो.

मग चीफपदासाठी बोलावणं येतं. एझेउलू आधी जात नाही, पुजारी गाव सोडून जात नसतो. अटकेचा हुकूम निघाल्यावर स्वतःहून जातो. तिथे पद नाकारतो: मी उलूखेरीज कुणाचाही चीफ होणार नाही. त्याला ३२ दिवस कोंडून ठेवतात.

आता यामचं गणित. वर्षभरासाठी ठरावीक पवित्र याम, प्रत्येक अमावास्येनंतरची कोर दिसली की पुजाऱ्यानं एक खायचा. एक उरला की नव्या यामचा सण जाहीर होतो आणि मगच गाव कापणी करू शकतं. कैदेत दोन कोरी निघून गेल्या. परत आला तेव्हा दोन याम जास्तीचे शिल्लक. याम जमिनीत तयार होऊन बसलेत, माती तापून दगड होत चाललीय, आणि एझेउलू सण जाहीर करत नाही. मोठ्या पदव्यांची दहा माणसं येऊन सांगतात, उरलेले आजच खाऊन टाक, पाप आमच्या डोक्यावर. तो नाही म्हणतो. नियम नियम आहे, हे एक कारण. पण कैदेत असताना गावानं आपल्याला वाऱ्यावर सोडलं याचा सूडही त्यात आहे, आणि तो सूड त्याचा आहे की उलूचा, हे त्याला स्वतःलाच कळेनासं होतं. उलू त्याला दटावतो: ही लढाई तुझी आहे असं तुला कुणी सांगितलं? तू माझ्या धनुष्यातला बाण.

इथे मी प्रत्येक वेळी पुस्तक मिटून ठेवतो. जन्मभर देवासाठी वागलो असं ज्याला वाटतं त्याला आपला अहंकार आणि आपला देव वेगळा करता येत नाही. असं भय मला दुसऱ्या कुठल्या कादंबरीत भेटलं नाही.

उपासमार सुरू होते. चर्चचा धर्मशिक्षक गुडकंट्री संधी ओळखतो: तुमचा याम आमच्या देवाला आणून वाहा, तो उलूपासून तुमचं रक्षण करेल. एझेउलूचा देखणा मुलगा ओबिका एका अंत्यविधीत रात्रीची धाव धावून मरतो. बापाचं चित्त ढळतं. आणि लोक आपापल्या पोरांच्या हाती याम देऊन चर्चकडे पाठवतात, चर्चच्या देवाच्या नावानं पीक काढतात. यात इंग्रजांची बंदूक एकदाही चाललेली नाही. ज्या लोकांनी देव घडवला होता त्यांनीच तो बदलला. विंटरबॉटमला तर शेवटपर्यंत पत्ता लागत नाही की आपल्या एका हुकुमानं काय केलं.

कातळकडा, मृद्गंध, तुमच्या वादाचं उत्तर मला इथे दिसतं. ३२ दिवसांची कोठडी नसती तर दोन याम उरले नसते. आणि एझेउलू दुसरा कुणी असता तर ते दोन याम खाऊन मोकळा झाला असता.

---

सावली | रविवार, रात्री ९:२०

सगळे प्रतिसाद मन लावून वाचले. पण आतापर्यंत एकाही बाईला शोकनायिका व्हायची संधी मिळालेली नाही. मृद्गंधताई, तुमच्याकडून ती अपेक्षा होती.

ओकोन्क्वोच्या हातून चुकून बंदूक उडून एझेउडूचा मुलगा मरतो आणि त्याला हद्दपार व्हावं लागतं. सात वर्षं, कारण हा 'स्त्री' जातीचा अपराध, म्हणजे नकळत घडलेला. तो जातो आजोळी, एम्बांताला. तिथे मामा उचेंदू त्याला सगळ्यांसमोर विचारतो, आपल्यात पोरींना न्नेका, म्हणजे आई श्रेष्ठ, असं नाव का ठेवतात? ओकोन्क्वोला उत्तर येत नाही. पोर बापाच्या घरी सुखात असतं, पण मार खाल्ल्यावर आईच्या कुशीत येतं, हे मामाला सांगावं लागतं. त्याच गावात झालेल्या मुलीचं नाव तो न्नेका ठेवतो, ते मामाकडच्यांचा मान राखायला. नंतर मुलगा होतो, त्याचं नाव न्वोफिया, रानात जन्मलेला. सात वर्षं ज्या मातीनं जगवलं तिला तो रान म्हणतो.

आता ही गोष्ट बाईच्या बाजूनं सांगितली तर कशी दिसेल? बुची एमेचेता यांची 'द जॉइज ऑफ मदरहुड' वाचा, १९७९ ची. न्नू एगो नावाची इबुझाची मुलगी लग्न होऊन लागोसला येते. काकांनी सांगितलेला न्नू तो हाच, कवड्यांच्या राशीवरून ठेवलेलं नाव. नवरा न्नाइफे एका गोऱ्या कुटुंबाकडे धोबी. मडमेचे आतले कपडे धुणारा पुरुष बघून तिला शरम वाटते, हा कसला नवरा! गावी पुरुषपणाची जी खूण होती, जमीन, याम, कुस्ती, ती शहरात उरलेलीच नाही. बाईपणाचं ओझं मात्र जसंच्या तसं शहरात येतं, वर शाळेची फी. पहिलं मूल जातं तेव्हा ती पुलावरून जीव द्यायला धावते. पुढे मुलं होतात, ती सरपण विकून त्यांना शिकवते. नवऱ्याला पकडून सैन्यात भरती करतात, युद्धावर नेतात. एक मुलगा अमेरिकेला जातो, एक कॅनडाला. ती गावी रस्त्याच्या कडेला एकटी मरते. मग मुलं येऊन दणक्यात अंत्यविधी करतात आणि तिच्या नावाचं देऊळ उभं राहतं. मुलासाठी नवस करायला बायका तिथे येतात. न्नू एगो कुणालाच मूल देत नाही.

या पुस्तकाचं नाव कुठून आलं माहीत आहे? फ्लोरा न्वापा यांच्या 'एफुरु'मधून, १९६६. तळ्याची देवता श्रीमंत आहे, सुंदर आहे, पण तिला मूल नाही, आईपणाचं सुख तिला कधीच मिळालं नाही, मग बायका तिला का पूजतात, या प्रश्नावर ती कादंबरी थांबते. तेरा वर्षांनी दुसऱ्या इग्बो लेखिकेनं त्यातले शब्द उचलले आणि आपलं म्हणणं मांडलं. दोन बायकांमधलं हे बोलणं माझ्यासाठी फार मोलाचं आहे.

अजून एक. उमुओफिया लढली नाही म्हणून ओकोन्क्वो खचला. पण १९२९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात इग्बो बायका लढल्या. ओलोको गावात बायकांची, शेळ्यांची मोजदाद सुरू झाली, बायकांवर कर बसणार असं दिसलं, आणि हजारो बायका वॉरंट चीफांच्या दारात जाऊन बसल्या. गाणी म्हणायची, टर उडवायची, रात्रभर हलायचं नाही, ही त्यांची जुनी रीत. पन्नासहून जास्त बायका गोळीबारात मेल्या. त्यानंतर इंग्रजांना ती वॉरंट चीफांची व्यवस्था बदलावी लागली. राखेच्या ढुंगणाच्या शिपायांना ज्या भाषेत उत्तर मिळालं ती बायकांची होती.

---

मृद्गंध | सोमवार, सकाळी ८:४५

सावली, ओरडा मान्य. एझिनमाबद्दलही मी लिहायला हवं होतं. ओकोन्क्वोला घरातलं जे एकच माणूस खरं कळतं ती त्याची ही मुलगी, आणि तिच्याकडे बघून तो दरवेळी म्हणतो, ही मुलगा असती तर.

आडवाट, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांनी माझं पहिलं पोस्ट निम्मं तरी खोडलं. हरवलं नाही असं मी इतक्या ठामपणे लिहायला नको होतं. कातळकडा, अबामेचा उल्लेख मी टाळला, ती माझी चूक.

तरी एक प्रश्न उरतोच. ओकोन्क्वो शिपायाचं डोकं उडवतो, बाकीच्या शिपायांना गर्दी पळून जाऊ देते, आणि मागून कुणीतरी विचारतं, त्यानं असं का केलं? तेवढ्यात त्याला कळतं की गाव लढणार नाही. तो कोयता वाळूत पुसतो आणि निघून जातो. पुढे झाडाला लटकलेला सापडतो. अशा मरणानं भूमी विटाळते, म्हणून भावकीतलं कुणी प्रेताला हात लावू शकत नाही, परक्यांनी पुरायचं. उनोकाही असाच गेला होता. अंगाला सूज येऊन मरणं भूमीला चालत नाही, म्हणून त्याला जिवंतपणीच रानात नेऊन ठेवलं होतं. ज्या बापासारखं व्हायचं नाही म्हणून जन्मभर धडपड केली, त्याच्यासारखंच याला गावच्या मातीत मानानं जाता आलं नाही. जिल्हाधिकारी तेवढ्यात मनाशी ठरवतो की आपल्या पुस्तकात या माणसावर एखादा परिच्छेद होईल.

माझा प्रश्न: हे कळलं तेव्हा न्वोयेनं काय केलं? कादंबरी सांगत नाही.

---

गणितमास्तर | सोमवार, सकाळी ११:१०

हाच प्रश्न आमच्या शाळेतल्या एका मुलानं इंग्रजीच्या तासाला विचारला होता. मी शेजारच्या वर्गात फळा पुसत होतो, मधली भिंत अर्धीच होती. शिक्षकानं उत्तर दिलं नाही, एवढंच म्हणाला की पुढचं पुस्तक वाच. मी ते पुस्तक वाचलं नाही अजून. कुणी वाचलंय?

---

ओंजळभर | सोमवार, रात्री १०:५०

काका, वाचलंय. 'नो लाँगर ॲट ईज', १९६०. अचेबेंच्या डोक्यात ही आणि पहिली कादंबरी मिळून मुळात एकच गोष्ट होती, नंतर वेगळ्या झाल्या. त्यांचे स्वतःचे वडील ख्रिस्ती झालेले, मिशनचे धर्मशिक्षक. म्हणजे अचेबे हे एका परीनं न्वोयेच्याच घरचे.

नायक आहे ओबी, ओकोन्क्वोचा नातू. गावाच्या मंडळानं वर्गणीतून ८०० पौंड कर्ज देऊन त्याला इंग्लंडला शिकायला पाठवलंय. परत आल्यावर नोकरीच्या मुलाखतीत शोकांतिकेवर बोलणं निघतं. ओबी म्हणतो, शेवटी नायक मेला की सगळं फार सोपं होतं. खरी शोकांतिका मिटत नाही, ती तशीच चालत राहते. त्याच्या गावातल्या एका म्हाताऱ्यावर एकामागून एक संकटं कोसळली होती. तो म्हणायचा, आयुष्य म्हणजे कडू काढ्याचा वाडगा, घोट घोट घेत राहायचा, संपत नाही. मृद्गंधताई, शोकनायकाच्या तुमच्या पाठ केलेल्या उत्तराला हे अचेबेंचंच उत्तर. पुढे ओबी लाच घेताना पकडला जातो. मरत बिरत नाही. न्यायाधीश म्हणतो, इतक्या शिकलेल्या तरुणानं असं का केलं ते समजत नाही. ओकोन्क्वोच्या मागे गर्दीतून आलेला प्रश्नच पुन्हा.

ओबीला जिच्याशी लग्न करायचं असतं ती क्लारा ओसू आहे. न्वोये आता म्हातारा आयझॅक झालाय, चर्चमध्ये आयुष्य काढलेला. काका, तुमच्या त्या कारकुनासारखंच, ख्रिस्ती बाप या लग्नाला नाही म्हणतो. त्या बोलण्यातच एका रात्री तो ओबीला आपल्या वडिलांबद्दल सांगतो. मी घर सोडलं तेव्हा पोरच होतो, वडिलांनी मला शाप दिला, आणि मी त्यांचा थोरला मुलगा होतो. त्यांनी गळफास घेतल्याचा निरोप आला तेव्हा मी शिक्षकांच्या प्रशिक्षणाला होतो. मी म्हणालो, जो तलवारीनं जगतो तो तलवारीनंच मरणार. आमचा गोरा गुरू म्हणाला, असं बोलू नये, मूठमातीला घरी जा. मी गेलो नाही.

त्या गोऱ्या गुरूला वाटलं होतं, हा ओकोन्क्वोनं मारलेल्या शिपायाबद्दल बोलतोय. आयझॅक बोलत होता इकेमेफुनाबद्दल.